कारणाचा रकाना

बेलखोडे सरांना कुणी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" की ते नागपूर म्हणत नसत, वर्धा म्हणत नसत. "मध्य प्रांत आणि वऱ्हाड," असं म्हणत आणि समोरच्याचा चेहरा बघत थांबत. उज्जैनमध्ये हे ऐकून कुणाला काही उमगण्याची शक्यता नव्हती. इंग्रजांनी तुकडे जोडून केलेला तो प्रांत सर लहान असतानाच मोडला. अर्धा मध्य प्रदेशात राहिला, मराठी मुलूख तिकडे महाराष्ट्रात गेला. आमचं उज्जैन तर त्यात कधी नव्हतंच. ते ग्वाल्हेर दरबारचं. आमच्या घराण्यातलं कुणीतरी कधीकाळी दरबारात कारकुनी करायला इकडे आलं आणि तेवढ्यावर आम्ही आजतागायत तोरा मिरवतो. सर आम्हाला "संस्थानी मंडळी" म्हणत, आणि शाळेतली पोरं पाठीमागे त्यांना "सीपी माट्साब" म्हणत, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सचे मास्तर.

अकरावीत ते आम्हाला इतिहास शिकवायचे. उंच, वाळलेले, चालताना एका खांद्याकडे झुकणारे. गळ्यात भैरवगढच्या छापाचा गमछा, उन्हाळा असो की थंडी. एका वाक्यात "काहून रे, पुस्तक घरी राह्यलं काय?" आणि पुढच्या वाक्यात "चलो, नक्शा निकालो". अभ्यासक्रमात त्यांच्या प्रांताला जेमतेम एक परिच्छेद होता. सर त्याच्यावर दोन आठवडे घालवत. परीक्षेत त्यातलं काही येत नसे, आणि पालक मुख्याध्यापकांकडे जाऊन कुरकुर करत. माझे वडीलही एकदा करून आले होते.

राजे, लढाया, गव्हर्नर यांचा सरांना कंटाळा होता. त्यांचा विषय एकच, लोकसंख्या. लागोपाठच्या दोन जनगणनांमधले आकडे ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत आणि विचारत, "दहा वर्षांनी माणसं वाढतात का घटतात?"

"बढ़ती हैं, सर."

"मग ही घटली काहून?"

दोन दुष्काळ पडले होते मधे. त्यातला दुसरा तो छप्पन्या, विक्रम संवत १९५६ चा. माळव्यातल्या म्हाताऱ्या बायका त्याचं नाव अजून शिवी दिल्यासारखं घेतात. "पण भुकेनं मेलेले शोधायला जा," सर म्हणत, "जवळजवळ सापडतच नाहीत. मृत्यूच्या वहीतला कारणाचा रकाना बघा. सगळे तापानं मेलेत."

एक दिवस त्यांनी वर्गात त्याचं नाटकच केलं. मागच्या बाकावरच्या एका दांडग्या मुलाला कोतवार केलं. कोतवार म्हणजे गावचा राखणदार. तो ठाण्यात जाऊन गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते सांगायचा. दुसऱ्या मुलाला त्यांनी ठाण्यातला मुन्शी केलं आणि त्याच्या हातात वही दिली.

"हुजूर, एक आदमी मर गया," कोतवार म्हणाला.

"कैसे मरा?"

"आठ दिन से कुछ खाया नहीं था."

मुन्शी लिहायला लागला तसे सर त्याच्या कानाशी वाकले, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा ठेवला. "भूक लिहू नको. भूक लिहिली तर वरून तहसीलदाराला विचारणा होईल, धान्य काहून नाही पोचलं. तो ठाणेदाराला धरेल, ठाणेदार तुला. कोतवाराला विचार, मरताना अंग गरम होतं काय?"

"बदन गरम था क्या?"

कोतवार गोंधळला. "रहा होगा, सर. थोड़ा-बहुत तो सबका रहता है."

"झालं. लिही, बुखार."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "हसा," म्हणाले, "खोटं नाही लिहिलं त्यानं. ताप होताच." घंटा झाली, ते खडू खिशात टाकून निघून गेले. खडू ते नेहमीच खिशात टाकत. त्यांच्या सदऱ्याचा डावा खिसा कायम पांढरा असे.

पुढे लग्न होऊन मी माधवनगरात आले, तर दोन घरं सोडून सर. तोवर ते निवृत्त झाले होते आणि मी बँकेत लागले होते. मी त्यांची विद्यार्थिनी म्हणून ते माझ्या नवऱ्याला "जावईबुवा" म्हणत. ह्यांना ते बिलकूल आवडत नसे, पण सरांना काही सांगण्याची सोय नव्हती. सरांना मूलबाळ नव्हतं. घरात सर, सुशीलाकाकू आणि कागद. मध्य प्रांताच्या लोकसंख्येचं पुस्तक ते आयुष्यभर लिहीत होते आणि नेहमी एक तहसील लिहायची राहिलेली असे. काकू म्हणायच्या, "ह्यांच्या प्रांतात जिवंत अशी मी एकटीच आहे बघ, शोभा. म्हणून चहा तरी मिळतो."

सरांची एक सवय फार वाईट होती. कुणाच्याही घरी गेले की तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं आणि विचारायचं, "तुम्ही किती भावंडं होता? त्यातली किती राह्यली? तुमची स्वतःची किती गेली?" लग्नात विचारत, बारशात विचारत. लोक काकूंना बाजूला घेऊन सांगत, जरा आवरा. माझ्या मुलाच्या मुंजीत ते माझ्या सासूबाईंशेजारी जेवायला बसले. सासूबाई कडक, त्यांच्यासमोर आम्ही मोठ्यानं हसतसुद्धा नसू. मी वाढता वाढता कान तिकडे लावला. सरांनी विचारलंच. सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला.

"दोन," त्या म्हणाल्या. "ह्याच्या आधी दोन. मुलगी आठ दिवसांची होती, तिचं नाव ठेवायचं राहिलं. मुलगा सव्वा वर्षाचा. विनायक. चालायला लागला होता. बुखार आला, बस, एका रात्रीत संपलं."

माझ्या नवऱ्याला आपल्या आधी कुणी होतं हे त्याच्या वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मुलाच्या मुंजीत कळलं. सासूबाई पुढे एवढंच म्हणाल्या, "किसी ने पूछा ही नहीं कभी." मग त्यांनी सरांच्या पानात आग्रह करून जिलबी वाढायला लावली. त्या दिवसापासून सर आले की त्या स्वतः उठून बाहेर येऊन बसत.

सर्वपित्री अमावास्येला सर भैरवगढला सिद्धवटावर तर्पण करायला जात. एका वर्षी आम्हीही गेलो होतो. घाटावर एवढी गर्दी की एका गुरुजीसमोर दहा-दहा यजमान बसलेले. ह्यांच्या शेजारी सर. गुरुजी ओळीनं विचारत आले, "नाम-गोत्र बोलिए, माट्साब."

"नाव माहीत नाही. गोत्रही नाही. गावं सांगतो." आणि त्यांनी सुरुवात केली, "खैरी. सोनेगाव. टेंभरी."

"गाँव के नाम से तर्पण नहीं होता," गुरुजी वैतागले. मागे माणसं ताटकळत होती.

"ये बेचिराग गाँव हैं, महाराज," सर म्हणाले. "सरकारी कागदात असंच लिहितात. एका गिनतीत माणसं आहेत, पुढच्या गिनतीत दिवा लावायला कुणी नाही. ह्यांना पाणी कोण देणार? मी नाही तर तुम्ही?"

गुरुजी तरुण होते, घामानं निथळत होते. त्यांनी एकदा मागच्या रांगेकडे पाहिलं, मग सरांच्या ओंजळीत तीळ टाकले. "ठीक है. एक-एक करके बोलिए. जल्दी मत करिए." सरांनी एकवीस गावं म्हटली. मी मोजली, कारण त्यांच्या संगतीत मोजायची सवय लागते.

परतताना ऑटोत काकू, सर आणि मी होतो. हे पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. सर एकाएकी म्हणाले, "आमचा पणजा ठाण्यात मुन्शी होता."

मला वाटलं, आता नेहमीचं काहीतरी सांगतील. पण त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. एका जुन्या दफ्तरात त्यांना पणजोबांच्या हातची मृत्यूची वही सापडली होती. "अक्षर असं सुरेख, शोभा, की पाहत राहावं. पानच्या पानं. ताप, ताप, ताप. फक्त एका नावापुढे त्यानं आधी काही दुसरं लिहिलं होतं आणि खोडून वर ताप लिहिला. ते खालचं वाचायसाठी मी भिंग लावलं, उन्हात धरलं. नाही वाचता आलं." मग म्हणाले, "त्या साली आमच्या घरी कुणी मेलं नाही. मुन्शीचा पगार चालू होता."

काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही. पुस्तक का संपत नाही ते मला तेव्हा समजलं.

मग ते दुसऱ्या लाटेचं वर्ष आलं. एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत रोज कुणाच्या तरी घरासमोर गाडी थांबायची. समोरच्या घरातल्या बाईंना प्लास्टिकमध्ये बांधून नेलं तेव्हा काकू खिडकीत उभ्या होत्या. त्या सरांना म्हणाल्या, "मला असं गाठोडं करून पाठवू नका. माझ्या साडीत न्या." चार दिवसांनी त्यांना ताप आला. आणखी तीन दिवसांनी श्वास लागायला लागला. हे आणि सर त्यांना ऑटोत घेऊन सगळं शहर फिरले. खाट कुठेच नव्हती, तपासणीच्या रांगेत उभं राहायची काकूंच्यात ताकद नव्हती. परत आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरीच गेल्या.

घाटावरून हे परत आले आणि मागच्या अंगणातच कपडे काढून अंघोळीला बसले. मी गरम पाण्याची बादली घेऊन लांब उभी होते. "सर शांत होते गं," हे सांगायला लागले. "तिथे टेबलावर एक माणूस बसला होता, तो विचारायला लागला, क्या हुआ था? कोरोना हो तो उधर, हाथ नहीं लगाने देंगे.  त्याचे हात ओले होते, त्यानं रजिस्टर सरांकडे सरकवलं, आप ही भर दो माट्साब. सरांनी स्वतःचं पेन काढलं आणि नीट अक्षरात बुखार लिहिलं. मग तिथल्या लोकांनी आम्हाला काकूंना साडीत नेऊ दिलं. बरं झालं ना?"

हे सरांच्या वर्गात कधी बसले नव्हते. त्यांना कळायचं कारण नव्हतं. मी बादली खाली ठेवली आणि तिथेच पायरीवर बसले.

काकूंच्या अकराव्या दिवशी माझ्या सासूबाई गेल्या. आम्ही हार्ट लिहिलं.

त्यानंतर कितीतरी महिने सरांनी मध्य प्रांताचं नाव काढलं नाही. डबा नेऊन दिला तर घेत, रिकामा धुऊन परत देत. एके दिवशी मला म्हणाले, "बँकेतून सुटलीस की माझ्याबरोबर चल. अर्ज द्यायचा आहे." काकूंच्या मृत्यूच्या नोंदीतलं कारण बदलून घ्यायचं होतं. महापालिकेच्या दफ्तरात खिडकीमागे बसलेला बाबू त्यांच्या शाळेतलाच निघाला. त्यानं उठून पाया पडून त्यांना आत खुर्ची दिली.

"टेस्ट की रिपोर्ट लगेगी, सर."

"टेस्ट नहीं हुई थी."

"तो कोरोना था, ये कौन कह रहा है?"

"मैं कह रहा हूँ."

"और बुखार किसने लिखवाया?"

"मैंने लिखा. मेरे हाथ का है, देख लो."

बाबूनं कागद उलटून पाहिला. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. सरकारी भरपाई हवी असेल असं त्याला वाटलं. "मुआवज़े के लिए चाहिए, सर? उसका दूसरा फॉर्म है, कुछ कोशिश करते हैं."

"मुआवज़ा नको मला!" सर ओरडले. शाळेतसुद्धा ते कधी ओरडले नव्हते. आजूबाजूच्या टेबलांवरचे सगळे वळून बघायला लागले. मग सर खाली आवाजात म्हणाले, "भूल-सुधार लिखो बस. लिखो कि लिखने वाले ने झूठ लिखा था."

"ऐसा कोई कॉलम नहीं है, सर," तो म्हणाला. "मैडम तो अब चली गईं. रहने दीजिए ना."

सर बाहेर आले, पायऱ्यांवर बसले आणि रडले. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण ते माझे सर होते. मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी वही आखली. मोठी, आडवी. नाव, वय, घर. मग कारणाचे दोन रकाने, एक लिहिलेलं आणि एक झालेलं. आणि शेवटी एक अरुंद रकाना, कुणी लिहिलं. पहिल्या ओळीत सुशीलाकाकू होत्या. लिहिलेलं: बुखार. झालेलं: कोरोना. कुणी लिहिलं: पती. ती वही काखेत घेऊन ते माधवनगरात दारोदार जायला लागले. त्या दोन महिन्यांत तुमच्याकडे कोण गेलं, काय लिहिलंत, झालं काय होतं. काही ठिकाणी त्यांना बसवून चहा दिला. पुष्कळ ठिकाणी फाटकातूनच, "माट्साब, अब वो सब मत खोलो." एकानं दुकानातून हात धरून बाहेर काढलं. कुणी म्हणे डोकं फिरलंय, कुणी म्हणे वकिलाचा माणूस आहे. ते सगळं ऐकून घेत आणि पुढच्या घरी जात. आमचं घर त्यांनी सोडलं होतं. मी रोज खिडकीतून बघायची आणि मनात म्हणायची, नकोच येऊ देत.

आले. रविवारची सकाळ होती, आत हे टीव्ही बघत होते. त्याच आठवड्यात मी मुलाकडे पुण्याला गेले, आणि मी तिथे असतानाच श्रावणात सर झोपेतच गेले. त्यामुळे माझ्यापुरते सर दिसले ते त्या सकाळी शेवटचे. ओसरीवरच्या खुर्चीत बसले, वही मांडीवर घेतली. फार थकले होते, गमछा गळ्याऐवजी खांद्यावर नुसता पडला होता. सासूबाईंचं नाव आणि वय त्यांनी मला न विचारताच लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"हार्ट."

त्यांनी लिहिलं. पेन पुढच्या रकान्यावर थांबलं. "आणि झालं काय होतं?"

"हार्टच, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर चुकलं की बघायचे तसं नाही, नुसतं पाहिलं. तो रकाना त्यांनी कोरा ठेवला, टोपण लावलं, "बरं," म्हणाले आणि उठले. पायऱ्या उतरले. आमच्या फाटकाची कडी घट्ट आहे, ती त्यांना निघेना. मी जाऊन काढून द्यायला हवी होती, पण मी ओसरीवरच उभी राहिले. ते दोन्ही हातांनी कडी ओढत होते आणि वही त्यांनी हनुवटीखाली धरली होती.

"सर, थांबा," मी म्हणाले.

ते वळले.

"सासूबाईंना हार्टचं काही नव्हतं. कोरोना मी घरात आणला होता. बँकेत काउंटरवर माणसं कमी होती, मी रोज जात होते. एक दिवस फोडणीत हिंग घातला तर वास येईना. मला कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही, कारण सांगितलं असतं तर घर बंद झालं असतं, आणि मला वाटलं, दोन दिवसांत जाईल. त्या माझ्याच खोलीत झोपायच्या, सर."

मला वाटलं होतं ते म्हणतील, असू दे शोभा. म्हणतील, सगळ्यांचंच झालं तसं. मला ते ऐकायचं होतं. ते पायऱ्या चढून परत आले, खुर्चीत बसले, वही उघडली आणि पेनाचं टोपण काढून मागे लावलं.

"तारखेपासून सांग," म्हणाले. "सावकाश. मला आता भरभर लिहवत नाही."

मी वासाच्या दिवसापासून सुरुवात केली. आतल्या खोलीत ह्यांनी टीव्ही बंद केला. मला ते ऐकू आलं. सर मान खाली घालून लिहीत होते, आणि मी सांगत राहिले.